किलोमागे की हेक्टरी? शाश्वत अन्नोत्पादनाच्या पदव्युत्तर अभ्यासात नेमकं काय शिकतात

दोन शेतं डोळ्यांसमोर आणा. दोन्हींत गहूच आहे. पहिल्यात हेक्टरी १८० किलो नत्र घातलं आणि ६ टन गहू निघाला. दुसऱ्यात १०० किलो नत्र घातलं आणि ३ टन निघाला. आकडे समजावण्यापुरते धरलेले आहेत, पण असे आकडे खऱ्या शेतांत सहज सापडतात. आता सांगा, यातलं निसर्गाला कमी त्रास देणारं शेत कोणतं?

बहुतेक जण पटकन दुसऱ्याकडे बोट दाखवतात. खत कमी, म्हणजे त्रास कमी. हिशेब करून पाहू. गव्हाच्या दाण्यात साधारण २ टक्के नत्र असतं. म्हणजे पहिल्या शेतातून धान्याबरोबर १२० किलो नत्र बाहेर गेलं आणि ६० किलो मागे राहिलं. दुसऱ्यातून ६० किलो गेलं, ४० राहिलं. मागे राहिलेलं नत्र काही मातीत साठतं, काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतं, काही अमोनिया होऊन उडून जातं. शिवाय घातलेल्या नत्रापैकी साधारण १ टक्का नायट्रस ऑक्साइड या वायूच्या रूपात हवेत जातं, असं आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या हिशेबपद्धतीत धरतात. हा वायू १०० वर्षांच्या मोजणीत कार्बन डायऑक्साइडपेक्षा २७३ पट तापवणारा आहे. त्या एक टक्का नत्राचं वजन आधी वायूच्या वजनात बदलून (४४/२८ ने गुणून) मग २७३ ने गुणलं की पहिल्या शेताच्या नावावर हेक्टरी सुमारे ७७० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन येतं आणि दुसऱ्याच्या नावावर ४३०.

दुसरं शेत जिंकलं. पण हेच आकडे आता निघालेल्या गव्हाने भागा. पहिल्यात टनामागे सुमारे १३० किलो, दुसऱ्यात १४३. मागे राहिलेलं नत्रही तसंच: पहिल्यात टनामागे १० किलो, दुसऱ्यात १३. आता पहिलं शेत जिंकलं!

शेतात काहीही बदललेलं नाही. फक्त भागाकारातला छेद बदलला. आणि शाश्वत अन्नोत्पादन प्रणालींचा पदव्युत्तर अभ्यास म्हणजे काय असं मला कुणी विचारलं, तर मी म्हणतो की हा छेद जाणीवपूर्वक निवडायला शिकणं. मी शिकत असताना आमच्या मार्गदर्शक मॅडमची एक ठरलेली सवय होती. कुणी म्हणालं, “मॅडम, उत्सर्जन वीस टक्क्यांनी घटलं,” की त्या लगेच विचारायच्या, “कशामागे? किलोमागे की हेक्टरी? आणि किती वर्षांत?” सुरुवातीला त्या प्रश्नाचा ताण यायचा. नंतर तो प्रश्न न विचारता कुठलाही आकडा वाचवेना.

मग वरच्या कोड्याचं उत्तर काय? दोन्ही उत्तरं खरी आहेत, पण वेगवेगळ्या प्रश्नांची. नायट्रेट ज्या जमिनीत मुरतं त्याच जमिनीखालचं पाणी नासतं. म्हणून भूजलाची काळजी असेल तर हेक्टरी आकडा पाहायचा. नायट्रस ऑक्साइड कुठूनही सुटला तरी साऱ्या पृथ्वीच्या हवेत मिसळतो. तिथे लोकांना लागणाऱ्या धान्याच्या टनामागे किती, हे जास्त महत्त्वाचं. आणि एक तिसरा प्रश्न दाराशी उभाच असतो: दुसऱ्या शेताच्या पद्धतीने ६ टन गहू हवा असेल तर दोन हेक्टर लागतील. तो जादाचा हेक्टर कुठून आणायचा? जंगल तोडून, की पडीक जमिनीतून? थोड्या जमिनीत भरपूर पिकवून उरलेली जमीन निसर्गाला सोडावी, की जास्त जमिनीत हलक्या हाताने शेती करून शेतातच पक्ष्यांना आणि कीटकांना जागा ठेवावी? या वादाला २००५ मध्ये रिस ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात नीट गणिती मांडणी दिली. तेव्हापासून या विषयाच्या वर्गांत तो वाद रंगतोच आहे, आणि रंगावा असाच आहे.

नावातला जड शब्द

अभ्यासक्रमाच्या नावात ‘शाश्वत’ हा शब्द लक्ष वेधून घेतो. भावी पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं, ही त्याची १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालातली व्याख्या सगळ्यांना पाठ असते. पण खरा जड शब्द आहे ‘प्रणाली’. कृषिविद्या पीक कसं वाढवावं ते शिकवते. मृदाशास्त्र मातीचं, कीटकशास्त्र किडींचं, अर्थशास्त्र बाजाराचं शिकवतं. प्रणालीचा अभ्यास या सगळ्यांमधल्या जोडण्या पाहतो: इथे एक खुंटी पिळली की तिकडे काय ताणलं जातं.

म्हणून या वर्गात कृषी पदवीधरांच्या शेजारी जीवशास्त्र, अभियांत्रिकी, आहारशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र असं काहीही शिकून आलेले विद्यार्थी बसतात. पहिली सहामाही एकमेकांची भाषा शिकण्यातच जाते. अर्थशास्त्राच्या मुलाला मातीचा सामू (पीएच) म्हणजे काय ते कळायला हवं आणि कृषीच्या मुलीला किंमत पाच टक्क्यांनी वाढली की मागणी किती घटते ते मांडता यायला हवं. मला हा काळ सगळ्यात मोलाचा वाटतो. बरेच विद्यार्थी मात्र त्याला ‘उजळणी’ समजून दुर्लक्ष करतात आणि प्रबंधाच्या वेळी अडकतात.

इतिहासही थोडा शिकावा लागतो, कारण आजच्या अन्नव्यवस्थेची गाठ एका शोधात आहे. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नायट्रोजनपासून प्रयोगशाळेत अमोनिया बनवून दाखवला आणि कार्ल बॉश यांनी ती प्रक्रिया कारखान्यात आणली. १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊ इथे उत्पादन सुरू झालं. आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या अन्नामागे हे कारखान्यातलं नत्र आहे. ‘रासायनिक खतं बंद करा’ म्हणणाऱ्याला आणि ‘खतांशिवाय शेती होतच नाही’ म्हणणाऱ्याला, दोघांनाही या एका वाक्यासमोर थांबून विचार करावा लागतो. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू नत्र बांधतात, शेणखतातून नत्र परत येतं, हे खरंच. पण शेणखतातलं नत्र ज्या चाऱ्यातून आलं तो चारा कुठे पिकला, हे विचारल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

हातात माती घेतल्यावर

आता थोडं जवळून पाहू. मातीतला सेंद्रिय कर्ब वाढला की हवेतला कार्बन जमिनीत साठतो, मातीची पाणी धरण्याची ताकद वाढते, हे आपण सगळीकडे ऐकतो. तो मोजतात कसा?

पाच सेंटिमीटर व्यासाचं आणि तितक्याच उंचीचं पोलादी कडं घेतात. खड्डा खणून, मातीची बाजू सपाट करून ते कडं हळूहळू आत ठोकतात. मग भोवतालची माती काढून कडं उचलायचं आणि दोन्ही तोंडांची माती सुरीने कड्याच्या काठाबरोबर कापायची. यात घाई केली की कोपरा ढासळतो आणि नमुना वाया जातो. हा नमुना १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवायचा आणि वजन करायचं. कड्यात बसते सुमारे ९८ घन सेंटिमीटर माती. वाळल्यावर ती १२८ ग्रॅम भरली, तर घनता आली १.३.

हा आकडा बारीकसा दिसतो, पण सगळी इमारत त्यावर उभी आहे. वरच्या ३० सेंटिमीटर थरात हेक्टरी ३,९०० टन माती झाली. तिच्यात १ टक्का कर्ब असेल तर ३९ टन. आता कुणी नवी मशागत सुरू केली आणि दरवर्षी ०.३ टन कर्ब वाढतो असं धरलं, तर पाच वर्षांत वाढ दीड टन, म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी. एकाच शेतात दहा पावलांच्या अंतरावर घेतलेल्या दोन नमुन्यांत याहून मोठा फरक निघू शकतो.

आणि खरा सापळा पुढे आहे. समजा नांगरटीने माती भुसभुशीत होऊन घनता १.२ झाली. आता ३० सेंटिमीटरच्या थरात ३,६०० टनच माती मावते. कर्ब तितकाच, १ टक्का. हिशेबात ३६ टन आले. कर्बाचा एक कणही न जाता कागदावर ३ टन गायब! माती फक्त फुगली आणि तिचा काही भाग मोजपट्टीच्या खाली सरकला. उलट माती दबली की कागदावर कर्ब वाढलेला दिसतो. म्हणून ठरावीक खोलीऐवजी ठरावीक वजनाच्या मातीतला कर्ब मोजायला शिकवतात. पुन्हा तेच, छेदाची निवड. शेतकऱ्यांना मातीतल्या कर्बाचे पैसे देण्याच्या योजना आखल्या जात असताना हे माहीत नसलेल्या माणसाने आकड्यांवर सही करू नये, असं माझं ठाम मत आहे.

इतका हळू बदल पकडायला वेळ लागतो. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथे ब्रॉडबाल्क नावाचं शेत आहे. १८४३ पासून तिथे गव्हाचा प्रयोग चालू आहे. काही पट्ट्यांना शेणखत, काहींना रासायनिक खतांची वेगवेगळी मिश्रणं, आणि एका पट्ट्याला इतक्या वर्षांत काहीच नाही. त्या उपाशी पट्ट्यातूनही हेक्टरी साधारण टनभर गहू येत राहिला आहे. जुने नमुने जपून ठेवलेले असल्याने आजच्या उपकरणांनी शंभर वर्षांपूर्वीची माती तपासता येते. याच संस्थेत १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर दाखल झाले आणि शेतावरच्या प्रयोगांची आजची सांख्यिकी तिथेच घडली: कुठल्या वाफ्याला कोणतं खत हे चिठ्ठी टाकून ठरवायचं, प्रत्येक खताला अनेक वाफे द्यायचे. विद्यार्थ्यांची नेहमीची चूक म्हणजे एकाच वाफ्यातून दहा नमुने घेऊन ‘दहा पुनरावृत्ती’ लिहिणं. वाफा एक असेल तर पुनरावृत्ती एकच. मीही ही चूक केली होती आणि एका हंगामाचे नमुने त्यापायी निकामी झाले.

रेघ कुठे ओढायची

छेदाइतकाच दुसरा प्रश्न हद्दीचा. जगात नद्या, तलाव आणि भूजलातून उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के शेतीला जातं. साहजिकच पहिला उपाय सुचतो ठिबकचा. शेताच्या बांधापर्यंत रेघ ओढली तर ठिबकने पाणी वाचतंच. पण पाटाने दिलेलं जे पाणी ‘वाया’ जात होतं, त्यातलं बरंचसं मुरून भूजलात किंवा परत नदीत जात होतं आणि खालच्या अंगाचा कुणीतरी ते वापरत होता. आता ठिबकने ‘वाचलेल्या’ पाण्यावर त्याच शेतकऱ्याने आणखी जमीन भिजवली, तर पिकांमधून हवेत जाणारं पाणी वाढतं आणि नदी आणखी आटते. रेघ बांधाऐवजी सगळ्या खोऱ्याभोवती ओढली की बचत तोट्यात बदलू शकते. ठिबक वाईट असं याचा अर्थ नाही. उपशावर मर्यादा घातल्याशिवाय ठिबक पुरत नाही, एवढाच.

हद्दीचा हाच प्रश्न कारखान्यापासून ताटापर्यंतच्या हिशेबात येतो. त्याला जीवनचक्र मूल्यांकन म्हणतात आणि त्याची चौकट आयएसओ १४०४० या मानकात आहे. सोयाबीन गाळलं की वजनाने साधारण पाचवा हिस्सा तेल निघतं, बाकी बहुतेक पेंड. शेतातल्या उत्सर्जनाचा भार कुणावर टाकायचा? वजनाने वाटला तर बहुतेक भार पेंडीवर, म्हणजे ती खाणाऱ्या जनावरांवर जातो. किमतीने वाटला तर तेलाचा वाटा वाढतो. दोन्ही रीती वापरात आहेत आणि अहवालाच्या तळटिपेत कोणती वापरली ते लिहिलेलं असतं. तळटीप वाचायची सवय लागते, ती जन्मभर पुरते.

याच पद्धतीचा मोठा अभ्यास जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती त्यांनी एकत्र आणली. माणसाने केलेल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी सुमारे २६ टक्के अन्नव्यवस्थेतून येतं, हा त्यातला आकडा सगळीकडे फिरतो. मला मात्र दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो: एकच पदार्थ पिकवणाऱ्या दोन उत्पादकांमध्ये परिणामांचा फरक ५० पटींपर्यंत असू शकतो. म्हणजे ‘अमुक पदार्थ वाईट’ म्हणून विषय संपत नाही. तो कुणी, कुठे, कसा पिकवला हे पाहावंच लागतं. सुधारणेला वाव याच फरकात आहे.

काळाचाही छेद असतो. भातखाचरं आणि रवंथ करणारी जनावरं यांच्यामुळे सुटणारा मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो. १०० वर्षांच्या मोजणीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट, आणि २० वर्षांच्या मोजणीत सुमारे ८० पट. कोणती मोजणी घ्यायची हे पुढच्या वीस वर्षांची घाई आहे की शतकाची चिंता, यावर ठरतं. भातासाठी एक साधा उपाय फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने रुजवला. खाचरात भोकं पाडलेली नळी रोवायची. तिच्यातली पाण्याची पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरली की मगच पुन्हा पाणी भरायचं. मातीत अधूनमधून हवा शिरते, मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना अडथळा होतो आणि मिथेन बराच घटतो. पण तीच हवा नायट्रस ऑक्साइड थोडा वाढवते. एकूण जमाखर्च बहुधा फायद्याचाच निघतो, मात्र दोन्ही वायू मोजल्याशिवाय तसं म्हणता येत नाही.

सगळंच शेतात घडत नाही. कापणीनंतर दुकानापर्यंत पोचण्याआधी जगातलं सुमारे १३ टक्के अन्न नासतं आणि पुढे दुकानं, खानावळी आणि घरं यांत आणखी सुमारे १९ टक्के टाकलं जातं, असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचे अहवाल सांगतात. टाकलेल्या अन्नाबरोबर वर मोजलेलं नत्र, पाणी, मिथेन सगळंच टाकलं जातं.

आणि माणसं. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी नेपाळमधल्या पाटबंधाऱ्यांचा अभ्यास केला होता. सरकारी यंत्रणेने बांधलेल्या पक्क्या कालव्यांपेक्षा शेतकऱ्यांनी स्वतः नियम करून चालवलेल्या साध्या कालव्यांवर अनेकदा पाणी शेपटापर्यंत नीट पोचत होतं. सिमेंटपेक्षा, पाळी कुणाची आणि दुरुस्तीला कोण येणार याचे नियम जास्त कामाचे ठरले. म्हणून चांगल्या अभ्यासक्रमात मुलाखत कशी घ्यावी, शेतकऱ्याचं ऐकून कसं घ्यावं हेही शिकवतात. मातीचा नमुना घेण्याइतकंच ते कौशल्याचं काम आहे.

प्रवेश घेण्याआधी

युरोपात हा अभ्यास बहुधा दोन वर्षांचा, १२० श्रेयांकांचा असतो. एका श्रेयांकाला २५ ते ३० तासांचं काम, म्हणजे वर्षाला १,५०० ते १,८०० तास. ब्रिटनमध्ये तोच बहुधा एका वर्षात उरकतो. माझं मत दोन वर्षांच्या बाजूने आहे, कारण एका वर्षात शेतातला एक हंगामही धड हाती लागत नाही. पेरणीची वेळ विद्यापीठाच्या वेळापत्रकाला विचारून येत नाही. प्रबंधाचा प्रश्न उशिरा ठरला तर पीक उभं असताना विद्यार्थी अजून संदर्भ वाचत बसलेला असतो.

अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक पाहताना सांख्यिकी सक्तीची आहे की ऐच्छिक, हे आधी शोधा. ऐच्छिक असेल तर सावध व्हा. शेतावर प्रत्यक्ष किती आठवडे जातात ते विचारा. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र यांचे तास नावापुरते आहेत की त्यांनाही प्रबंधात स्थान आहे, तेही पाहा. पुढे नोकरी संशोधनात, प्रमाणन संस्थेत, अन्न कंपनीच्या पुरवठा साखळीत, सरकारी धोरण विभागात किंवा शेतकरी संघटनेत, कुठेही मिळो, रोजचं काम बहुतेक आकडे तपासण्याचं आणि ते इतरांना समजावण्याचंच असतं.

आणि शक्य असेल तर विभागात अलीकडेच सादर झालेला एखादा प्रबंध मागून घ्या. प्रस्तावना राहू द्या. निकालांचा पहिला तक्ता उघडा आणि रकान्याच्या डोक्यावर लिहिलेलं एकक पाहा. ‘हेक्टरी’, ‘टनामागे’, ‘प्रथिनाच्या किलोमागे’, काहीतरी असेलच. मग दोन पानं मागे जाऊन बघा, तेच एकक का निवडलं हे त्या विद्यार्थ्याने लिहिलं आहे का.